लिंबूटिंबूचे तीन जीव

आमच्या साखर कारखान्याच्या क्लबात दोन खोल्या होत्या. एका खोलीत बायका हौजी खेळत आणि दुसरीत पुरुष गंभीर होत. त्या दुसऱ्या खोलीत हिरव्या कापडाचं एक अवाढव्य टेबल होतं. नगरच्या कॅम्पातल्या कुठल्याशा मेसमधून जुनं म्हणून आणलेलं. कापडाखाली दगडी फरशी असल्यामुळे हमालांनी ते जिथे टेकवलं तिथेच ते कायमचं बसलं. लग्न होऊन कॉलनीत आले त्या आठवड्यात मी ते पाहिलं आणि सेक्रेटरींच्या बायकोला म्हणाले, "अगंबाई, ह्याच्यावर कुरडया किती छान वाळत घालता येतील!" त्या बाई पुढे वर्षभर माझ्याशी जपूनच बोलत.

तर त्या टेबलावर दर शनिवारी संध्याकाळी पूल चालायचा. हा खेळ आता कुणी खेळत नाही, म्हणून आधी समजावून सांगते. प्रत्येकाचा एकेक रंगाचा चेंडू, आणि प्रत्येकाला तीन जीव. पाळ्या ठरलेल्या. आपला चेंडू काठीने मारायचा आणि आपल्या आधी जो खेळला त्याचा चेंडू भोकात घालायचा. गेला की त्याचा एक जीव गेला. तिन्ही गेले की तो मेला. म्हणजे आपल्या आधीचा तो आपलं सावज आणि आपल्या नंतरचा तो आपला शिकारी. भिंतीवर एक लाकडी चौकट होती, तारांत मणी ओवलेली. जीव गेला की मणी सरकवायचा, आणि हे काम मेलेल्याने करायचं. खेळ सुरू झाला की हुद्दे संपले. एकमेकांना रंगाने हाक. एरवी 'साहेब, साहेब' करणारी माणसं तिथे "रेड, झोपलात का?" असं बिनदिक्कत म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात ऊस शेतातच वाळला. गाळप वेळेआधीच आटोपलं आणि कारखान्याचा भोंगा नुसता वेळ सांगण्यापुरता उरला. बरेच अधिकारी रजा काढून गावी गेले, त्यांच्या बायका माहेरी गेल्या. माझं माहेर मिरजगावचं. तिथल्या आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. आईनेच निरोप धाडला, "हिकडं येऊ नगंस, प्यायला पानी न्हाई." म्हणून मी कॉलनीतच राहिले.

पूलला सहा माणसं लागत. जास्त झाली तर खेळ रेंगाळतो म्हणून सहाच, असा तिथला नियम. त्यातले शेतकी अधिकारी, ज्यांचा गुलाबी चेंडू, ते उसाचं बेणं जगवायला कालव्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले होते. पाच जणांचा खेळ रंगेना. एका शनिवारी मी ह्यांना घरची किल्ली द्यायला क्लबात गेले, तर लेबर ऑफिसर म्हणाले, "वहिनी, आलाच आहात तर घ्या काठी. एक गडी कमी पडतोय."

ते चेष्टेत म्हणाले होते. पण चेष्टा कळण्याइतकी अक्कल तेव्हा मला नव्हती. मी किल्ली ह्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि काठी घेतली.

चीफ इंजिनीअर खिडकीपाशी उभे होते. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, कायम पोटात दुखत असल्यासारखा चेहरा. ते कुणाला उद्देशून नव्हे, नुसतं हवेत बोलले, "आज काठी. उद्या पाळणा बांधा टेबलाला."

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, थांबा. मिरजगावात गोट्यांमध्ये मी दोन्ही भावांना रडवलेलं होतं. माझ्या नेमावर माझा भलताच विश्वास. म्हणून तिथे ठेवलेला निळा खडू मी उचलला आणि दोन्ही तळहातांना खसाखसा चोळला, विटीदांडूच्या आधी माती चोळतात तसा. तो खडू काठीच्या टोकाला लावायचा असतो. हे सांगायचं धाडस कुणाला होईना. ह्यांनी कपाळाला हात लावला, कारखान्याचे डॉक्टर खोकले. मी त्या निळ्या हातांनी आधी काठी, मग टेबल आणि शेवटी घाम पुसताना स्वतःचं नाक रंगवलं.

अशी ही खेळाडू. पण गंमत अशी, की मी जिंकायला लागले.

माझा चेंडू गुलाबी. माझ्या आधी ब्लू, म्हणजे आमचे हे, तेव्हा सावज घरचंच. माझ्या नंतर व्हाइट, म्हणजे लेबर ऑफिसर. ते माझे शिकारी. पहिल्या शनिवारी मी तिसरी आले. दुसऱ्या खेपेला ह्यांचे तिन्ही जीव मीच घेतले. ह्यांचा चेंडू बघावं तेव्हा भोकाच्या तोंडाशी येऊन बसलेला असायचा, नुसती फुंकर घातली तरी आत. आणि लेबर ऑफिसरांचा नेम माझ्या चेंडूवर कधी लागायचाच नाही. ते इकडून वाकत, तिकडून वाकत, एक डोळा मिटत, आणि चेंडू केसभर अंतराने निसटला की पाची जण एका सुरात म्हणत, "अरेरेरे! वाचलात वहिनी!"

मला वाटायचं, माझ्या चेंडूला देवाचं पाठबळ आहे. मग वाटायला लागलं की देवाचा काय संबंध, मीच चेंडू अशा जागी ठेवते. एका शनिवारी मी सगळ्यांत शेवटी जिवंत राहिले तेव्हा तर विचारू नका. दुसऱ्या दिवशी हौजीच्या खोलीत जाऊन मी बायकांना 'कोन कसा धरावा' यावर व्याख्यान दिलं. हातात काठी नव्हती म्हणून लाटणं घेतलं होतं. रस्त्याने चालतानासुद्धा मी एक डोळा बारीक करून म्हशींमधलं अंतर मोजायची. दुष्काळात म्हशी थोड्याच उरल्या होत्या, म्हणून बरं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. बाकी सगळे एकमेकांना रेड, यलो, ब्लू म्हणत, आणि मला 'वहिनी'. शिवाय मी खेळायला टेबलावर वाकले, की पाची पुरुष एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागत. पंखा काही नवा नव्हता.

सासूबाई मूळच्या काष्टीकडच्या. त्या आमच्याकडेच असायच्या. क्लब म्हणजे दारू पिण्याची जागा, अशी त्यांची समजूत होती. एका शनिवारी सून तिथे दर आठवड्याला काय करते हे बघायला त्या माझ्याबरोबर आल्या. खिडकीखालच्या बाकावर मांडी घालून बसल्या आणि पानाची पुरचुंडी काढली. चीफ इंजिनीअरांनी पंख्याकडे बघून नि:श्वास सोडला. बहुतेक त्यांना पाळणा दिसला असावा.

त्या दिवशी मी दुसरी आले. घरी जाताना मी रुबाबात विचारलं, "काय आत्याबाई, बघितलात ना खेळ?"

"बघितला की. लई चांगली मान्सं हायेत."

"आणि मी?"

त्या थांबल्या. तोंडातलं पान गालात सरकवलं. "तू व्हय? तू लिंबूटिंबू."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? आमी सागरगोटं खेळायचो, तवा बारकी पोरगी मधी आली की तिला घ्याचं, पन तिच्यावर डाव न्हाई द्याचा. लिंबूटिंबू म्हनून सोडून द्याचं. तसं तुला सोडत्यात. त्यो उंच मानूस तुझ्यावर काठी धरतू, अन् मारायच्या टायमाला हळूच मनगाट वळवितू. अन् तुझा नवरा? चेंडू निवद दाखवावा तसा भोकाम्होरं आनून ठिवतू. तुला खरंच दिसलं न्हाई?"

मला खरंच दिसलं नव्हतं. "काहीतरीच काय!" असं म्हणून मी पुढे चालायला लागले, पण कान तापले होते. घरी ह्यांना विचारलं. हे पायातले मोजे काढत बसले होते. एक मोजा काढायला माणसाला किती वेळ लागावा?

"खरं सांगा. मुद्दाम ठेवता ना चेंडू?"

"मुद्दाम असं नाही," हे म्हणाले. "पण तू शनिवारी मारलंस की रविवारी घरात जेवण फार चांगलं असतं."

मी त्या रविवारी पिठलं केलं. पातळ.

पुढच्या शनिवारी मी खात्री करून घ्यायची ठरवली. मुद्दामच माझा गुलाबी चेंडू कोपऱ्यातल्या भोकाच्या अगदी ओठावर आणून ठेवला. डोळे बांधलेल्या माणसानेही मारला असता. लेबर ऑफिसर वाकले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. बिचारे इतके जवळ होते, की चुकायला मारण्यापेक्षा जास्त कौशल्य लागत होतं. पण चुकले. आणि पाची जण म्हणाले, "अरेरेरे!"

सांगू का, तेव्हा मला रडू आलं नाही, नुसता राग आला. राग त्यांच्यावर कमी आणि लाटणं घेऊन व्याख्यान देणाऱ्या त्या शहाणीवर जास्त. सगळ्या कॉलनीला माहीत होतं, म्हणजे हौजीच्या खोलीलाही माहीत असणार. काठी ठेवून घरी जावं आणि परत तोंड दाखवू नये, हा पहिला विचार. पण तोवर मला त्या खेळाची चटक लागली होती. चेंडू चेंडूला लागल्यावर होणारा तो टणक आवाज, काठी दोन बोटांवरून सरकताना लागणारी गुदगुली. मला ती जागा हवी होती. पाहुणी म्हणून मिळालेली नव्हे, माझी हक्काची. आणि वेळ थोडा होता. पाऊस झाला, बॉयलर पेटला, की शेतकी अधिकारी परत येणार, आपला गुलाबी चेंडू मागणार, आणि मला 'थँक्यू वहिनी' म्हणून हौजीच्या खोलीत पाठवलं जाणार. लिंबूटिंबूला कुणी विचारत नाही.

मी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हटलं, "आजपासून मला मारायचं. खरंखुरं."

लेबर ऑफिसर म्हणाले, "वहिनी, भलतंच काय? तुमच्या घरचा चहा पितो आम्ही. माझ्या हातून नाही व्हायचं."

ते खरं होतं. त्यांच्या हातून ते झालं नसतं. घरी बहिणी असलेला, सभ्य, लाजरा माणूस. डॉक्टरही तसेच. मी एकेकाकडे बघत गेले, आणि नजर खिडकीपाशी थांबली. चीफ इंजिनीअरांना मी पहिल्या दिवसापासून तिथे नको होते. अख्ख्या क्लबात माझ्याशी एक शब्द गोड न बोललेला तेवढाच माणूस. त्यांच्याकडे रेड चेंडू होता, त्यांची शिकार दुसराच कुणी.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही आणि लेबर ऑफिसर चेंडू बदलून घ्या. तुम्ही माझ्या मागे खेळा."

त्यांनी पहिल्यांदाच पंख्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "बाई, मी सोडत नसतो."

"म्हणूनच म्हणतेय."

"मग रडायचं नाही."

"अहो, चेंडू भोकात जाणार आहे की मी?"

डॉक्टरांना खोकला आला. इंजिनीअरांनी लेबर ऑफिसरांपुढे हात पसरला, व्हाइट घेतला, आणि त्या संध्याकाळी त्यांनी माझी जी अवस्था केली ती सांगण्यासारखी नाही. पहिल्याच फटक्यात माझा चेंडू असा गेला, की भोकाच्या जाळीत घुमत राहिला. "पिंक, एक गेला," ते कोरडेपणाने म्हणाले. दुसरा गेला. तिसरा जायला वेळ लागला नाही. सगळ्यांच्या आधी मी मेले, आणि मेलेल्याच्या नियमाप्रमाणे त्या लाकडी चौकटीपाशी जाऊन उभी राहिले. तिथे मी आजवर सगळ्यांत आधी कधी पोचले नव्हते. मणी गुळगुळीत होते, आणि कुणी मला वहिनी म्हणत नव्हतं. लेबर ऑफिसरसुद्धा ओघात म्हणाले, "पिंक, माझा मणी सरकवा हो."

त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी मोकळेपणा दिसत होता! दर शनिवारी चुकण्याच्या ताणाने तो माणूस अर्धा झाला होता, हे मला तेव्हा कळलं. घरी जाताना हे तर चक्क शीळ घालत होते. म्हणाले, "सुटलो बुवा. मी बरा खेळतो, हे विसरायला झालं होतं." ह्यांचा खेळ बरा नव्हे, चांगलाच होता. पुढच्या शनिवारी ह्यांनी आपला चेंडू दुसऱ्या दोन चेंडूंच्या आड असा नेऊन लपवला, की मला तो सापडेना. नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. पिठलं मात्र बंद केलं.

मग मी खेळ शिकले. आधी मारायचा नाही, जगायचा. आपला फटका झाल्यावर आपला चेंडू कुठे जाऊन थांबेल, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. गोट्यांत तो करावा लागत नाही. दुपारी क्लब रिकामा असे, तेव्हा मी एकटी जाऊन एक चेंडू काठाला चिकटून थांबवायचा सराव करायची. काठाला चिकटलेल्या चेंडूला मागून नीट मारता येत नाही. इंजिनीअर मारतच राहिले. तीन जीव, तीन फटके, असं कितीदा तरी झालं. मग कधीतरी त्यांना एका जिवासाठी चारदा वाकावं लागलं. एकदा माझा चेंडू काठाला असा काही बसला, की ते टेबलाभोवती पूर्ण फेरी मारून आले, मिशीवरून हात फिरवला आणि पुटपुटले, "हरामखोर." डॉक्टरांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मी आनंदाने लाल झाले. ते चेंडूला म्हणाले की मला, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

शिकवलं त्यांनी काही नाही. एक शब्द नाही. फक्त सोडलं नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटला, रस्त्यावर उसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली, रजेवरची माणसं परतली. शेतकी अधिकारी आल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. शुक्रवारी लेबर ऑफिसर आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. चहा घेतला, यंदा ऊस कमी पण गोडी बरी म्हणाले, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मला सगळं कळत होतं. त्यांना सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी कपबशी ठेवून उठले आणि म्हणाले, "बरं आहे वहिनी. उद्या या."

"या म्हंजी काय, ये की नगं येऊ?" ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग जा. न्हाई घेतलं तर बाहीरच्या बाहीर परत ये. मी भाकऱ्या टाकून ठिवते."

शनिवारी गेले. आधी ठरवून टाकलं होतं, की काही म्हणायचं नाही, दारात उभं राहायचं, त्यांनी चेंडू घेतला की हसून परतायचं. हसण्याचा सराव आरशात केला होता, आणि तो फारसा चांगला जमलेला नव्हता. शेतकी अधिकारी उन्हाने रापलेले, सगळ्यांशी हसून बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पेटीत हात घातला आणि गुलाबी चेंडू उचलला.

हे खडूचा तुकडा न्याहाळत होते. लेबर ऑफिसर पंख्याकडे.

"तो ठेवा," चीफ इंजिनीअर म्हणाले.

"का? माझाच आहे की."

"होता. आता तो दिलेला आहे. दुसरा घ्या."

"पण मग सात होतात! सहाचा नियम..."

"सात खेळू. रेंगाळला तर रेंगाळला. नाहीतर बाजूच्या खोलीत हौजी चालू आहे, तिथे जागा असेल." मग माझ्याकडे न बघता काठीला खडू लावत त्यांना म्हणाले, "इतके महिने लागले मला माझ्या आधी कुणीतरी चेंडू लपवणारं मिळायला. तुम्ही तर चेंडू रस्त्यात सोडून जाता."

शेतकी अधिकारी हसले. चांगला माणूस. त्यांनी हिरवा घेतला.

सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा अंगाला जो पीळ पडला होता तो एकदम सुटला. बसावंसं वाटत होतं, पण पाळ्या सुरू झाल्या होत्या. ह्यांनी निळा चेंडू मधल्या भोकाजवळ नेला. या खेपेला चुकून, मुद्दाम नव्हे. सोपा होता. मी वाकले. कुणी पंख्याकडे बघितलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते, फटका बघायला.

आणि मी मारलं ते असं, की काठी चेंडूच्या डोक्यावरून घसरली, चेंडू निळ्याला न शिवता भलतीकडे गेला, दोन काठांना आपटला, आणि कोपऱ्यातल्या भोकात आपणहून जाऊन पडला. स्वतःच्याच हाताने एक जीव गेला.

मग पाच जण असे हसले, असे हसले, की बाजूच्या खोलीतून हौजीचे आकडे थांबले आणि बायका दारात गोळा झाल्या. शेतकी अधिकाऱ्यांना तर ठसका लागला. हे भिंतीला टेकून डोळे पुसत होते. चीफ इंजिनीअर हसले नाहीत, पण मिशी हलली.

मीही हसत होते. टेबलाच्या काठावर हात टेकून, श्वास लागेपर्यंत. चेंडू जाळीतून काढून पुन्हा ठेवला, आणि शिकारी आपल्या जागेवर वाकेपर्यंत बाजूला सरकून उभी राहिले. अजून दोन जीव होते.